दिलरुबाने तोंड उघडलं आणि…

विश्रांतवाडी, पुणे
गुरुवार

प्रिय करीम,

शाळेच्या वाचनालयाची किल्ली ज्यांच्या हातात देतात पण कपाट उघडायला एक तासही मोकळा ठेवत नाहीत, अशा तुझ्यामाझ्यासारख्या समस्त मास्तरांची तक्रार मी आयुष्यभर व्यासपीठावरून मांडत आलो. ग्रंथपाल निवृत्त झाला की जागा भरायची नाही, वाचनालय मराठीच्या नाहीतर चित्रकलेच्या मास्तरच्या गळ्यात मारायचं, पुस्तकं कपाटात, कपाटाला कुलूप, आणि पाहणीला कोणी आलं की आपल्यालाच विचारायचं, मुलं वाचत का नाहीत? हे मी इतक्या सभांमध्ये आणि इतक्या मोठ्याने सांगितलं, की तू एकदा चहाचा कप खाली ठेवून म्हणालास, "श्यामसुंदर, कपाट उघडायला किल्ली लागते. आवाज लागत नाही." तेव्हा झोंबलं होतं. आज आठवलं, कारण या खेपेला माझ्याजवळ ठासून सांगण्यासारखं काहीच नाही. माझा गोंधळ उडालाय, करीम. आणि गोंधळलेल्या माणसाला भाषण करता येत नाही, हे मला निवृत्तीच्या तोंडावर कळतंय. म्हणून पत्र.

सुरुवात सातवीपासून करतो. या वर्षी त्या वर्गात बरीच नवी मुलं आली आहेत. वाशीमची, बुलढाण्याची, हिंगोलीची. कुणाचे वडील बांधकामावर, कुणाचे चाकणला फॅक्टरीत. मुलं चुणचुणीत आहेत, पण पुस्तक हातात दिलं की अक्षरं जुळवता जुळवता वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत वाक्याची सुरुवात विसरतात. त्यांना आधी गोष्ट कानाने मिळायला हवी, मग डोळ्याने, हे तूच मला शिकवलंस. पण तुझा गुरुवारचा गोष्टीचा तास आता माझ्याकडे आहे, आणि माझ्या तोंडून बाहेर पडेपर्यंत गोष्टीचं काय होतं ते तुला ठाऊक आहे. कोल्हा द्राक्षांपर्यंत पोचायच्या आत मी भांडवलशाहीपर्यंत पोचतो. म्हणून मोठ्याने वाचून दाखवण्याजोगी पुस्तकं शोधायला बुधवार पेठेतल्या एका पुस्तकांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने माझ्याकडे बघितलंही नाही. "गोष्टींची? सर, ती लहान मुलांसाठी असतात. हल्ली मुलं लहान असतात का? गाइड बघा, समोरच आहेत." मी तिथेच तापलो. दुकानात पाच मिनिटांचं भाषण झालं. ते शांतपणे ऐकून तो म्हणाला, "झालं? जरा बाजूला होता का, मागे गिऱ्हाईक आहे."

परत आलो तो रुपालीसमोर बसलो. रुपाली म्हणजे आपली विज्ञानाची, कायम धावत असते आणि जिन्याच्या कठड्यात जिची ओढणी अडकते ती. तिने माझा फोन मागून घेतला. म्हणाली, "सर, तुम्ही भाषणात ज्या ठिकाणाला शिव्या देता, ते ठिकाण एकदा आतून बघा तरी. बघून शिव्या दिल्यात तर जास्त चांगल्या देता येतील." आणि मला व्हॉट्सॲपवरच्या एका समूहात घातलं. 'उघडं कपाट' असं त्याचं नाव. राज्यभरातले शिक्षक आहेत त्यात, ज्यांच्या गळ्यात आपल्यासारखंच वाचनालय आलं आहे असे.

करीम, मी त्या जगाबद्दल गेली दहा-बारा वर्षं बोलतोय आणि मला त्यातलं काहीही माहीत नव्हतं. बरं, आता माहीत झाल्यावर मत पक्कं व्हावं, तर तेही नाही. सकाळी उघडावं तर आधी गुलाबाची फुलं, मग उगवता सूर्य, मग कुणाच्या तरी बदलीचं अभिनंदन, मग तेच अभिनंदन तीस जणांकडून. या सगळ्याच्या खाली, चिखलात बोटं घालून काढावा तसा एखादा मोती. गोंदियाकडच्या एका बाईंनी वर्गात कपडे वाळत घालायची दोरी बांधून तिच्यावर पुस्तकं उलटी टांगली, त्याचा फोटो. मुलांना कपाट उघडायला सांगावं लागत नाही, चालता चालता डोक्याला पुस्तक लागतं. मी दुसऱ्या दिवशी तशी दोरी बांधली आणि त्या दिवसापासून आमच्या वाचनालयात पुस्तकांना हात लागतो आहे. फुकट. एका फोटोवर. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण त्याच दुपारी त्याच समूहात चुकांनी भरलेला एक धडा आला, त्यावर चार निरनिराळ्या माणसांचे शिक्के होते आणि लिहिणाऱ्याचं नाव एकाही ठिकाणी नव्हतं. मी विचारलं, हे मुळात कोणाचं? तर कुणीतरी मला अंगठा दाखवला. रुपाली म्हणाली, तो दाखवलेला नाही, दिलेला आहे, म्हणजे आवडलं. म्हटलं, मी विचारलेला प्रश्न आवडला, आणि उत्तर? ते कुणालाच ठाऊक नसतं, सर, असं म्हणून ती तासाला पळाली.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मी येतो म्हणतो आणि येत नाही, हे तू म्हणशीलच.

मी त्या समूहात विचारलं होतं, की मोठ्याने ऐकवण्यासारखी एखादी गोष्ट कुणाकडे आहे का. लगेच पाच-सहा जणांनी एकच ध्वनिफीत पाठवली. सोबत लिहिलेलं, 'सर, ही ऐकवा, वर्ग हलणार नाही.' मी वाचनालयात एकटाच होतो. लावली. आधी व्हरांड्यातला गलका, मग एक तावातावाने बोलणारा माणूस, 'मोबाइल हा या पिढीच्या बुद्धीवर टाकलेला…' आणि मग आतून, खणखणीत, "श्यामसुंदर, माईक बंद कर आणि दार लाव. इथे बकरी येतेय."

मी खुर्चीत बसलो होतो तो उभा राहिलो, का ते विचारू नकोस. तुझा आवाज ऐकून मला नऊ महिने झाले होते.

तो गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा गुरुवार. मी व्हरांड्यात एका पालकाला मोबाइलचे दुष्परिणाम समजावत होतो आणि माझ्या पाठीमागे, खिडकीच्या गजाला टेकून, रुपाली ओढणीत फोन धरून तुझी गोष्ट भरून घेत होती. घरी तिच्या लेकाला ऐकवायला. माझ्याच नियमामुळे फोन वर्गात नेता येत नव्हता म्हणून खिडकीतून. आता विचारलं तर रडायलाच लागली. म्हणाली, एका मैत्रिणीला पाठवली होती फक्त, तिच्या वर्गातल्या मुलांसाठी. त्या मैत्रिणीची एक मैत्रीण होती. आणि मग काय, करीम, तुझी बकरी अख्ख्या महाराष्ट्रात चरून आली आहे.

तुला आठवते ना ती गोष्ट? खडकीतल्या हलीमाबीची बकरी दिलरुबा, जी एका पहाटे फॅक्टरीचा भोंगाच गिळते. मग ती बें केलं की भोंगा वाजतो. तिला भूक लागली की पाळी सुटते, तिला डास चावला की पाळी भरते, माणसं डबा उघडतात आणि घास तोंडात जायच्या आत परत आत पळतात. शेवटी हुकूम निघतो, बकरीला पकडा. मुलं तिला शाळेच्या वाचनालयात आणून कपाटात लपवतात. साहेब दाराला कान लावून उभा. मुलं ओंजळीत श्वास धरून. आणि तू आवाज इतका खाली नेतोस की मला फोन कानाला चिकटवावा लागला. "दिलरुबाने तोंड उघडलं आणि…" घंटा. मुलांचा ओरडा. आणि तुझं ते दुष्ट हसू, "राहिलेलं दिवाळीनंतर."

दिवाळीनंतर तुला झटका आला.

मी वहिनींकडे दोनदा आलो होतो, हे तुला ठाऊक आहे, कारण पहिल्यांदा तू आतल्या खोलीतून आलाच नाहीस आणि दुसऱ्यांदा आलास तो पाटी घेऊन. खातूनवहिनी सांगत होत्या, डॉक्टर म्हणतात शब्द येतील, अडखळत का होईना, बोलत राहिलं पाहिजे, पण हे तोंडच उघडत नाहीत, सगळं पाटीवर. मी तासभर बोललो. तुझ्या धैर्यावर बोललो, इतिहासात आजारातून उठलेल्या माणसांवर बोललो, बहुतेक ग्रीसपर्यंतही गेलो. तू डाव्या हाताने वेडंवाकडं लिहून पाटी माझ्याकडे वळवलीस, 'माईक बंद.' वहिनी हसल्या, मीही हसलो, आणि खडकी स्टेशनपर्यंत चालत येताना मला कळेना की तू मला घालवून दिलंस की तू अजून तूच आहेस हे सांगितलंस. ते अजून कळलेलं नाही. त्यानंतर आलो नाही, फोन केले ते तू घेतले नाहीस.

तर, ध्वनिफीत. तिच्याबरोबर काय काय प्रवास करतंय ते ऐक आणि मला सांग की यावर संतापायचं की हसायचं. पहिलं म्हणजे मी प्रसिद्ध झालोय. वीस वर्षं भाषणं करून जे जमलं नाही ते तुझ्या एका वाक्याने झालं. कुठल्या कुठल्या शाळांत मुलं जास्त बोलणाऱ्या शिक्षकांना चोरून 'श्यामसुंदर' म्हणतात. एका मुख्याध्यापिकेने समूहात लिहिलं, 'आमच्याकडे असे तीन श्यामसुंदर आहेत, दार कुणी लावायचं?' त्यावर हसणारे चेहरे मोजण्यापलीकडे. मी त्या समूहात 'श्या. वि.' अशा सहीने वावरतोय, हे तुला सांगायला हरकत नाही.

दुसरं, कुठल्याशा क्लासने त्या आवाजावर बकरीचं हलतं चित्र लावून खाली आपला शिक्का मारला आहे. हे पाहिल्यावर मी लेखणी उपसली. चोरी! एका चित्रकलेच्या मास्तरच्या कल्पनेवर दरोडा! मोठा मजकूर लिहिला. आणि पाठवायच्या आधी खालचे अभिप्राय वाचले. पुसदजवळच्या एका बाईंनी लिहिलं होतं, की त्यांच्या वर्गातला एक मुलगा शाळेत कधी बोलत नाही, तो घरी गेला आणि आईला ही गोष्ट पहिल्यापासून सांगितली. माझा मजकूर तसाच पडून आहे. चोरांनी दरोडा टाकला आणि माल गरजवंताच्या घरी नेऊन पोचवला, तर कुणाच्या विरुद्ध उभं राहायचं? आयुष्यभर मला बाजू घ्यायला अर्धं मिनिट लागलं नाही. इथे मला बाजूच सापडत नाही.

आणि तिसरं. हे लिहायला जड जातंय, पण तुला दुसऱ्याकडून कळू नये. समूहात कुणीतरी विचारलं, हे गुरुजी कोण? उत्तर यायच्या आत कुणा निवृत्त केंद्रप्रमुखांच्या निधनाची बातमी येऊन पडली, आणि मग आपल्या लोकांची सवय तुला माहीत आहे, वर काय आहे ते न बघता हात जोडायचे. रांगेने भावपूर्ण श्रद्धांजली. नंतर कुणीतरी वर जाऊन बघितलं तर ध्वनिफीत, तिच्याखाली प्रश्न आणि पुढे शेकडो जोडलेले हात. त्यात शेवटी तुझंच वाक्य, राहिलेलं दिवाळीनंतर. हिशेब जुळला. आता ती फीत 'कै. गुरुजींची अपुरी गोष्ट' म्हणून फिरते आहे. एका शाळेने शिक्षकदिनाला मुलांकडून तुझं चित्र काढून घेतलं. तुला लांब पांढरी दाढी आहे, चष्मा आहे, गळ्यात हार आहे आणि शेजारी बकरी. बकरीला पाच पाय आहेत. तुझं नाव नाही, रूप चुकलंय, ते एक वेळ सोड, पण पाचवा पाय पाहिला असतास तर तू पाटी फेकून बोलला असतास.

तू म्हणशील, मग सांगायचं ना त्यांना, की माणूस खडकीत जिवंत आहे, सकाळी अंगणातल्या तुळशीला आणि वहिनींच्या मोगऱ्याला सारखंच पाणी घालतो. मी लिहिलं होतं. तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. कारण लिहिलं की पुढच्या क्षणी सगळे विचारणार, मग बकरीचं काय झालं? आणि मी काय सांगू? की ज्याला ते ठाऊक आहे तो बोलत नाही? ते सांगायचा हक्क माझा आहे का, करीम? तू जिवंत आहेस हीसुद्धा तुझी बातमी आहे, माझी नाही. आणि ती दडवून मी रोज तुला हात जोडलेले बघतो, ते तरी बरोबर आहे का? मला खरोखर कळत नाही. कुणाला विचारावं असा माणूस मला एकच आहे आणि तो फोन घेत नाही.

तरी मी एक वेडेपणा केला. सातवीला ती फीत ऐकवली. मागच्या वर्षी तुझ्यासमोर बसलेली निम्मी मुलं त्यात होती, ती पहिल्या वाक्यालाच ओरडली, "करीम सर!" नवी मुलं नुसती ऐकत राहिली. घंटा वाजल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मी शेवट सांगितला. मीच. दिलरुबाने तोंड उघडलं आणि तिच्या भोंग्याच्या आवाजाने साहेबाला कष्टकऱ्यांच्या वेदनेची जाणीव झाली… एवढ्यावर आलो होतो तर मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "सर, दार लावू?" वर्ग हसत सुटला. मीसुद्धा.

पण त्यातली एक मुलगी हसली नाही. मुक्ताई नाव तिचं, वाशीमकडची, आई विश्रांतवाडीतच एका सोसायटीत स्वयंपाकाला जाते. ही मुलगी वर्गात वाचायला उभी राहत नाही, कारण तिची बोली ऐकून मुलं पहिल्या आठवड्यात हसली होती. ती माझ्या टेबलाजवळ येऊन म्हणाली, "सर, तुमचं चुकलं. बकरीच्या गळ्यात येवढा भोंगा अडकला, मंग तिचा आवाज पयल्यासारखा कसा राहीन? फुटकाच निघन ना. साहेबाले ओयखूच नाही येनार. म्हनून तिचा जीव वाचन." मी म्हटलं, असंच असेल. तर म्हणाली, "असन नाही, सर. करीम सरांले इचारा. त्यायलेच माहीत." आणि मग, जाता जाता, "फुटक्या आवाजात सांगा म्हना. बकरीचं फुटक्याच आवाजात सांगा लागते." तिला तुझ्याबद्दल काही माहीत नाही, करीम. झटक्याचं मी वर्गात कुणाला बोललो नाही. ते तिने बकरीबद्दल म्हटलं. मी मात्र दोरीवरची पुस्तकं उगीच नीट लावत उभा राहिलो.

तर हे पत्र मी सल्ल्यासाठी लिहायला घेतलं होतं, हक्क कुणाचा, चोरी कुठली, बातमी कुणाची. लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं, की ती उत्तरं नाही मिळाली तरी चालेल. तो क्लास, तो शिक्का, ते जोडलेले हात, त्यांचं काय करायचं ते तू ठरव, नाहीतर राहू दे. पण आज पुन्हा गुरुवार आहे, पुढची दिवाळी तोंडावर आली आहे, आणि मुक्ताईने कबूल केलंय की खरा शेवट आला तर तो ती पुस्तकात बघून नाही, पण वर्गासमोर उभी राहून स्वतः सांगेल. तिच्या बोलीत. त्यासाठी हे पत्र. वहिनींच्या फोनवर मी ती ध्वनिफीत पाठवली आहे. आधी ती ऐक, माझं भाषण वगळायला जागा नाही, ते सहन कर. घंटा वाजली की तिथेच खाली माईकचं छोटं चित्र आहे, वहिनींना ठाऊक आहे. शब्द अडखळू देत, फुटू देत, आम्हांला तसाच आवाज हवा आहे. मी माझा माईक बंद केलाय. तू ते चित्र अंगठ्याने दाबून धर आणि सांग, दिलरुबाने तोंड उघडलं आणि पुढे काय झालं.

दार लावून बसलेला,
तुझाच,
श्यामसुंदर